पेटीतून निसटणारा साप आणि खालच्या मजल्यावरचे आम्ही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या रविवार पुरवणीत घरी साप पाळणाऱ्या तरुणावरचा जो कौतुकलेख आपण अर्धे पान देऊन छापला आहे, तो वाचून हे पत्र लिहीत आहे. लेखाची भाषा ओघवती आहे, छायाचित्रेही सुरेख आहेत, त्याबद्दल लेखकाचे अभिनंदन. मात्र त्या घरातला बॉल पायथन हा परदेशी, बिनविषारी अजगर रोज रात्री पेटीची जाळी नाकाने ढकलतो, मध्यंतरी निसटून पुस्तकांच्या कपाटात जाऊन बसला आणि त्याचे हे उद्योग पाहून घरच्यांना हसू आवरत नाही, हा मजकूर ज्या लाडिक सुरात आला आहे, तो मला मुळीच रुचला नाही. निसटलेला साप प्रत्येक वेळी मालकाच्याच कपाटात जाऊन बसतो, असे नाही.

आमच्या विश्रामबागेतील इमारतीत वरच्या मजल्यावर असाच एक शौकीन भाडेकरू राहतो. मासे ठेवायची जुनी काचेची टाकी, तिच्यावर जाळीचे झाकण आणि झाकणावर स्पर्धा परीक्षेची जाडजूड पुस्तके, एवढाच त्याचा बंदोबस्त होता. गेल्या थंडीत त्याचा साप निघून गेला. ते त्याला त्याच रात्री कळले होते. पण उगाच घबराट नको, असा उदात्त विचार करून त्याने कोणालाही सांगितले नाही. पुढे एका सकाळी आमच्या सौभाग्यवती फ्रिजच्या मागे केरसुणी फिरवायला गेल्या, तर कॉम्प्रेसरच्या उबेला तपकिरी, डागाडागांचे जाड वेटोळे पडलेले. आमच्या भागात आखूड, जाडजूड आणि डागांचा साप म्हटला की पहिले नाव घोणशीचेच तोंडात येते. शेजारी काठ्या घेऊन जमले. सर्पमित्र वेळेवर आले म्हणून तो जीव वाचला, नाहीतर तिथेच ठेचला गेला असता. त्यांनी हात लावताच त्याने डोके वेटोळ्याच्या आत दडवून स्वतःचा चेंडू करून घेतला, तेव्हा हा आपल्याकडचा नव्हे, हे त्यांच्या लक्षात आले. जवळून पाहिले तर त्याच्या नाकावरचे खवले जाळीला घासून सोलून निघाले होते आणि त्या लालसर जखमेला लाकडाचा भुसा चिकटला होता. मालक महाशय खाली आले ते, ‘काका, तो बिनविषारी आहे, तुम्ही उगीच घाबरलात,’ असे म्हणतच.

बिनविषारी आहे, हे मान्य. परंतु अशा निष्काळजीपणाची दुसरी बाजू अधिक भयंकर आहे. आमच्या इमारतीला लागून एक मोकळा भूखंड आहे. त्यात माणूसभर गाजरगवत आणि हॉटेलांचा ओला कचरा असल्याने उंदीर झाले आहेत आणि उंदरांमागे धामण, घोणस येणारच. (या भूखंडाबाबत तक्रारी करून आम्ही थकलो, आपला वार्ताहर एकदा येऊन छायाचित्र काढून गेला, ते आजतागायत छापून आलेले नाही.) उद्या जिन्यात खरोखरच घोणस आली आणि वरच्या भाऊंचाच साप असेल म्हणून एखाद्या मुलाने तिला उचलायला हात घातला, तर पुढचा प्रवास थेट मिरजेच्या रुग्णालयात प्रतिविष घेण्यासाठी. पाठीवर साखळीसारख्या तीन रांगांत डाग आणि कुकरच्या शिट्टीसारखा फुत्कार, ही घोणशीची ओळख मोठ्यांना तरी ऐन वेळी कुठे आठवते?

आता त्या ‘उद्योगां’विषयी. बॉल पायथन हा आफ्रिकेतला, दिवसभर उंदरांच्या बिळात नाहीतर वारुळात अंग चोरून पडून राहणारा आणि रात्री बाहेर पडणारा साप. नव्या पेटीत पहिले काही दिवस तो कडेकडेने चाचपत फिरतो, नर असेल तर प्रजननाच्या काळात खाणे सोडून रात्र रात्र येरझाऱ्या घालतो, हे समजण्यासारखे आहे. पण महिनोन्‌महिने रोज जाळीशी झटत असेल, तर बहुधा पेटीतच काहीतरी चुकते आहे. एका बाजूला साधारण 32 अंश आणि दुसऱ्या बाजूला 26 अंशांच्या आसपास असा फरक नसेल, अंग सर्व बाजूंनी टेकेल अशी अंधारी ढोली नसेल, हवा कोरडी असेल किंवा येणारा-जाणारा त्याला उचलून फोटो काढत असेल, तर तो दुसरी जागा शोधणारच. सांगलीच्या एप्रिलमध्ये तीच काचेची पेटी भट्टी होते आणि थंडीत रात्री वीज गेली की हीटर बंद पडून ती गार पडते. शिवाय जिथून डोके जाते तिथून बाकीचा सापही जातो, त्यामुळे झाकणावर पुस्तके रचण्यात अर्थ नसतो, कुलूप लागते. यातले एक अक्षरही आपल्या लेखात नाही.

कायद्याचा उल्लेख तर लेखात औषधालाही नाही. आपला कोणताही देशी साप घरात बाळगणे हा 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे, आणि बॉल पायथनसारख्या परदेशी सापाची नोंद 2024 च्या नियमांनुसार केंद्राच्या ‘परिवेश’ संकेतस्थळावर करावी लागते. उच्च न्यायालयाने बत्तीस शिराळ्याच्या जिवंत नागांच्या खेळांवर बंदी घातल्यापासून आपले दैनिक दर नागपंचमीला शिराळकरांना कायदा आणि भूतदया समजावून सांगत आले आहे, आणि त्यात गैर काही नाही. मात्र ते गावकरी नाग जिथून धरला तिथेच सणानंतर नेऊन सोडत असत. वीस-वीस, तीस-तीस वर्षे जगणारा प्राणी जन्मभर काचेत कोंडणाऱ्या शहरी हौशी माणसाला मात्र आपण ‘निसर्गप्रेमी’ म्हणता, हा न्याय आम्हा जिल्ह्यातल्या वाचकांना उमगलेला नाही.

लेखाचा उत्तरार्ध पुढील रविवारी येणार असल्याचे चौकटीत म्हटले आहे. तो छापण्यापूर्वी हा साप कोठून घेतला, त्याची नोंद झाली आहे का आणि तो निसटला त्या रात्री शेजाऱ्यांना कळवले होते का, एवढे तीन प्रश्न लेखकाने त्या तरुणाला विचारावेत आणि उत्तरे जशीच्या तशी छापावीत, ही विनंती.

कळावे,
आपला एक जुना वाचक,
विश्रामबाग, सांगली