जुनी स्पोर्ट्स कार घेण्याआधी : माईस पत्र

छत्रपती संभाजीनगर

चि. माईस अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेल्या तिन्ही गाड्यांचे फोटो, आरसी बुकच्या प्रती आणि विकणाऱ्यांनी सांगितलेल्या किमती मी नीट पाहिल्या. शनिवार-रविवारी केवळ चालवण्याच्या आनंदासाठी एक गाडी घ्यावी, ही तुझी इच्छा मला मनापासून पटते. ती तू स्वतःच्या कमाईतून घेते आहेस आणि गाडी चालवण्याची तुझी हौस मी वर्षानुवर्षे पाहत आलो आहे, त्यामुळे ती हवी कशाला, हा प्रश्न मी विचारणार नाही. विम्याचा सर्व्हेअर म्हणून माझे सगळे आयुष्य ठोकलेल्या, उलटलेल्या आणि पाण्यात बुडालेल्या गाड्या तपासण्यात गेले. त्या कामाने मला एक गोष्ट पक्की शिकवली, ती अशी की जुनी वेगवान गाडी घेताना तिचे नाव आणि तिचा वेग नंतर पाहावा. आधी तिच्यावर आजवर काय काय गुजरले आणि उद्या ती बिघडली तर तिला कोण, कुठे आणि कोणत्या सुट्या भागांनी दुरुस्त करणार, हे पाहावे.

तुझे मन दिल्ली पासिंगच्या, कापडी छताच्या दोन आसनी जर्मन गाडीवर आहे, हे तुझ्या लिहिण्यातून कळते. गाडी देखणी आहे यात शंका नाही. परंतु २०१२ ची पेट्रोल गाडी इतक्या कमी किमतीत का मिळते, याचे कारण तिच्या पासिंगमध्ये आहे. राष्ट्रीय हरित लवादाने २०१४-१५ मध्ये आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये दिल्ली परिसरातील १० वर्षांवरील डिझेल आणि १५ वर्षांवरील पेट्रोल गाड्यांविषयी जे आदेश दिले, त्यानंतर मुदत जवळ आलेल्या गाड्या तिथून बाहेरच्या राज्यांत स्वस्तात विकल्या जाऊ लागल्या. ती गाडी इकडे आणायची म्हणजे तिथल्या परिवहन कार्यालयाची एनओसी, म्हणजे ना हरकत दाखला, घ्यायची, महाराष्ट्राचा वाहन कर तिच्या वयानुसार भरायचा आणि एवढे केल्यावर लगेच पंधरा वर्षांच्या नूतनीकरणाला सामोरे जायचे. एप्रिल २०२२ पासून साध्या मोटारीच्या नोंदणी नूतनीकरणाला ५,००० रुपये लागतात, तर आयात केलेल्या मोटारीला ४०,००० रुपये. शिवाय फिटनेस तपासणी आणि पर्यावरण कर वेगळा, आणि हे नूतनीकरण पाचच वर्षे चालते. हा सगळा खर्च किमतीत मिळवून पाहिलास तर स्वस्ताई बरीचशी उरत नाही.

पैशांपेक्षाही मला आपल्या उन्हाची काळजी अधिक आहे. एप्रिल-मे महिन्यांत इथे पारा चाळिशी सहज ओलांडतो, आणि तशा उन्हात कापडी छत, त्याच्या कडांचे रबर आणि ते उघडमीट करणारी यंत्रणा लवकर जुनी होते. रबर आकसले की पहिल्याच पावसात पाणी आत येते आणि ते नेमके आसनाखालच्या वायरिंगपाशी जमते. तिचे भाग बाहेरून मागवावे लागतात, आणि ते येईपर्यंत गाडी महिनाभर गॅरेजमध्ये उभी राहिली तर तुझ्या आठवड्याच्या सुट्ट्या तशाच जातील. या गाडीचा विचार तू सोडून द्यावास, असे माझे स्पष्ट मत आहे.

फियाटच्या अबार्थ पुंटोची गोष्ट निराळी. २०१५ च्या शेवटी आलेली ही छोटी गाडी आपल्या रांजणगावच्या कारखान्यात तयार होत असे. तिचे १.४ लिटरचे टर्बो पेट्रोल इंजिन सुमारे १४५ अश्वशक्ती देते, गिअर हाताने टाकायचे आहेत आणि चारही चाकांना डिस्क ब्रेक आहेत. तिचे हायड्रॉलिक स्टिअरिंग रस्त्याची प्रत्येक खबर हातापर्यंत पोहोचवते, असा माझा स्वतःचा अनुभव आहे. जमिनीपासूनची उंची १५५ मिलिमीटर असल्याने आपल्याकडच्या गावागावांतील गतिरोधकांवर सावकाश घेतली तर तिचे पोट घासत नाही. अडचण एवढीच की फियाटने भारतात स्वतःच्या नावाच्या गाड्या विकणे २०१९ मध्ये थांबवले, त्यामुळे बंपर, दिवे आणि आतले प्लॅस्टिक मिळवणे दिवसेंदिवस अवघड होत जाणार. ती घ्यायची असेल तर आधी पुण्यात तिचे काम करणारा मिस्त्री शोध आणि मगच किमतीची बोलणी कर.

तिसरी म्हणजे स्कोडाची ऑक्टाव्हिया आरएस २३०. माझा कौल तिच्या बाजूने आहे, अर्थात काही अटींवर. ऑक्टाव्हियाची जुळणी २००१ पासून आपल्या शहराजवळच्या शेंद्र्याला होत आली, त्यामुळे या घराण्यातील गाड्यांवर वर्षानुवर्षे हात बसलेली माणसे इथे आणि पुण्यात दोन्हीकडे आहेत. दोन लिटरचे टर्बो पेट्रोल इंजिन २३० अश्वशक्ती आणि ३५० न्यूटन मीटर टॉर्क, म्हणजे ओढ, देते. सहा गिअरचा जो डीएसजी, म्हणजे दोन क्लचचा आपोआप गिअर बदलणारा, गिअरबॉक्स तिला आहे त्याचे क्लच तेलात चालतात, आणि कोरड्या क्लचच्या गिअरबॉक्सपेक्षा तो उष्णता चांगली सोसतो. मात्र त्याचे तेल आणि फिल्टर साधारण ६०,००० किलोमीटरला बदलावेच लागतात. तू पाहिलेल्या जाहिरातीतल्या गाडीचे मीटर ७१,००० दाखवते. ते तेल बदलल्याची पावती विकणाऱ्याकडे आहे का, हा तुझा पहिला प्रश्न असला पाहिजे.

दुसरा प्रश्न अधिक नाजूक आहे. गाडीला ‘स्टेज वन’ केले आहे असे तो अभिमानाने लिहितो, म्हणजे इंजिनाचा रिमॅप करून, त्याच्या संगणकातला मूळ मॅप (आज्ञावली) बदलून, ताकद वाढवली आहे. ही वाढलेली ताकद गिअरबॉक्स, टर्बो आणि क्लच सोसत असतात, आणि ती किती सोसली हे बाहेरून कोणालाही दिसत नाही. कायद्याच्या बाजूनेही हे बरे नाही, कारण मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार उत्पादकाच्या मूळ तपशिलात मनमानी बदल करता येत नाहीत आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये ते पुन्हा स्पष्ट केले. विमा कंपनीला न कळवलेला बदल मोठ्या अपघाताच्या क्लेममध्ये वादाचे कारण होतो. असे वाद मी फार जवळून पाहिले आहेत आणि त्यात गाडीचा मालक क्वचितच जिंकतो. तेव्हा व्यवहाराआधी मूळ मॅप परत घालून द्यावा आणि त्यानंतर स्कॅनर लावून तपासणी होऊ द्यावी, अशी अट घाल. तो तयार नसेल तर दुसरी आरएस मिळेपर्यंत थांब, किंवा अबार्थ घे.

आता गाडी कशी पाहावी ते सांगतो. तुझे आजोबा माळेगावच्या यात्रेत लाल कंधारी गोऱ्हा घेताना विकणाऱ्याच्या तोंडाकडे न पाहता जनावराचे दात, खूर आणि चाल पाहत. गाडीचेही तसेच आहे. इंजिन आदल्या रात्रीपासून बंद असले पाहिजे. तू पोहोचण्याआधी विकणाऱ्याने ते चालू करून गरम केले असेल तर सकाळच्या पहिल्या स्टार्टला येणारा निळा धूर आणि इंजिनातल्या साखळीची खडखड दोन्ही लपतात, म्हणून गेल्या गेल्या बॉनेटवर हात ठेवून पाहा. प्रत्येक काचेच्या कोपऱ्यात कंपनीचे चिन्ह आणि वर्षाची खूण असते. एकच काच वेगळ्या वर्षाची निघाली तर त्या बाजूला काहीतरी घडले आहे. बॉनेट आणि दारांच्या बिजागरीच्या बोल्टवरचा रंग तुटलेला असेल तर पत्रा उतरवलेला आहे असे समज. रंगाची जाडी मोजणारे यंत्र माझ्याकडे आहे आणि ते मी बरोबर आणीनच. चावी फिरवल्यावर एअरबॅगचा दिवा लागून विझला पाहिजे. तो लागतच नसेल, किंवा दुसऱ्या दिव्याबरोबर नेमका त्याच क्षणी विझत असेल, तर एअरबॅग उघडून गेलेली असण्याची शक्यता धर.

बुडालेली गाडी ओळखण्याची माझी पद्धत सोपी आहे. सीटबेल्ट शेवटच्या टोकापर्यंत ओढून काढायचा, कारण गाडी धुणारा माणूस कार्पेट बदलतो, आसने सुकवतो आणि अत्तर मारतो, पण गुंडाळलेल्या पट्ट्याच्या आतल्या वळशावरची गाळाची रेघ त्याच्या लक्षात येत नाही. त्यानंतर आसनांच्या रुळांवरचा गंज आणि स्टेपनीच्या खड्ड्यातली माती पाहा. मीटर मागे फिरवले आहे का, हे ब्रेक पेडलचे झिजलेले रबर, स्टिअरिंगचे गुळगुळीत झालेले कातडे आणि चालकाच्या आसनाची दबलेली डावी-उजवी कड यांवरून आणि सर्व्हिसच्या नोंदींतील तारीखवार किलोमीटरवरून कळते.

टायरकडे तर तू विशेष लक्ष द्यावेस, कारण समृद्धी महामार्गावर तुझी पहिली फेरी होणार हे मला ठाऊक आहे. टायरच्या बगलेवर चार आकडे असतात. २३१९ म्हणजे २०१९ च्या तेविसाव्या आठवड्यात बनलेला. आठवड्यातून एकदाच चालणाऱ्या गाडीच्या टायरची नक्षी शाबूत दिसते, पण रबर वयाने कडक झालेले असते. सहा वर्षांवरचा टायर नक्षी कितीही चांगली असली तरी बदलून टाक. समृद्धीवर मोटारींना ताशी १२० किलोमीटरची मर्यादा आहे आणि रस्ता काँक्रीटचा, सरळ आणि मैलोगणती सावली नसलेला. उन्हाळ्यातल्या दुपारी त्यावर सतत वेगाने धावणाऱ्या, हवा कमी असलेल्या टायरची बगल आतून तापत जाते आणि एका क्षणी फुटते. हवा सकाळी, टायर थंड असताना, दारावरच्या पट्टीत दिलेल्या आकड्याप्रमाणे भर.

खरे तर या गाडीचा आनंद तुला सरळ रस्त्यावर मिळणार नाही. खुलताबादहून म्हैसमाळला चढणारी वळणे, वेरूळवरून कन्नडकडे जाणारी वाट किंवा बीडकडचा मांजरसुंब्याचा घाट पहाटे साठच्या वेगाने नीट, एका लयीत पार करण्यात जे सुख आहे ते समृद्धीवर एकशेवीसने धावण्यात नाही, आणि त्यात धोकाही पुष्कळ कमी. आपल्या काळ्या मातीवरचे डांबरी रस्ते मात्र लक्षात ठेव. ही माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आकसते, त्यामुळे रस्त्याला लाटा पडतात. खाली बसवलेली, कडक स्प्रिंगांची गाडी अशा लाटेवर वेगात गेली तर क्षणभर जमिनीवरची पकड सोडते. अनोळखी रस्ता पहिल्यांदा सावकाशच पार करावा.

विम्याचे काम व्यवहाराच्याच दिवशी सुरू कर. मालकी बदलल्यावर १४ दिवसांच्या आत कंपनीला कळवून पॉलिसी स्वतःच्या नावावर करून घ्यायची असते. ती जुन्या मालकाच्याच नावावर राहिली तर स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा क्लेम हातचा जाऊ शकतो. जुन्या मालकाचा नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, तुला मिळत नाही, तो त्या माणसाचा असतो, त्यामुळे हप्ता विकणाऱ्याने सांगितल्यापेक्षा जास्त येईल. प्लॅस्टिक, रबर, टायर, बॅटरी आणि एअरबॅग यांवर ५० टक्के घसारा, म्हणजे वापराने घटलेली किंमत, क्लेममधून कापला जातो, आणि गाडी पाच ते दहा वर्षांची असेल तर धातूच्या भागांवर ४० टक्के. पुढचा बंपर आणि दिवे गेले तर निम्मा खर्च तुझा, हे धरूनच चाल. झिरो डेप्रिसिएशन, म्हणजे घसारा न कापणारे जादा संरक्षण, या वयाच्या गाडीला कोणी देत असेल तर जरूर घे. फॉर्म २९ आणि ३० वर सह्या झाल्या की नावांतराचा अर्ज ३० दिवसांच्या आत परिवहन कार्यालयात गेला पाहिजे. कर्जाचा बोजा उतरल्याचा फॉर्म ३५ आणि थकलेले ई-चलान, हे दोन्ही पैसे देण्याआधी पाहून घे.

आणखी एक. तुझ्या सोसायटीत पार्किंग उघडे आहे आणि गाडी पाच-सहा दिवस उभी राहणार. उभ्या गाडीचे हाल चालत्या गाडीपेक्षा जास्त होतात: बॅटरी उतरते, उंदीर वायरी कुरतडतात, ब्रेकच्या डिस्क गंजतात. आता पंपावर मिळणारे २० टक्के इथेनॉलचे पेट्रोल हवेतला ओलावा धरते आणि २०२३ च्या आधीच्या बहुतेक गाड्यांचे रबरी भाग त्यासाठी घडवलेले नसतात, म्हणून टाकीत जुने पेट्रोल महिनोन्‌महिने ठेवू नकोस आणि आठवड्यातून एकदा तरी इंजिन पूर्ण तापेपर्यंत, अर्धा तास, गाडी फिरवून आण. किमतीचा पाचवा भाग पहिल्या वर्षाच्या देखभालीसाठी बाजूला ठेवायला जमत नसेल, तर आरएसऐवजी अबार्थच घे. तिथे मी आग्रहीच राहीन.

मी शनिवारी सकाळच्या बसने पुण्याला येतो. विकणाऱ्याला आजच फोन करून दोन गोष्टी सांग: मी येईपर्यंत इंजिन चालू करायचे नाही, आणि गिअरबॉक्सच्या तेलाची पावती व सर्व्हिसच्या नोंदी काढून ठेवायच्या. पावती नाही म्हणाला तर मला लगेच कळव, म्हणजे आपण त्याच दिवशी अबार्थवाल्याकडे जाऊ. आईने तुझ्यासाठी काळ्या मसाल्याचा डबा भरून ठेवला आहे, तोही घेऊन येतो.

तुझे बाबा