सेंट मेरीच्या माथ्यावर जाऊ नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या पर्यटन पुरवणीत ऑस्ट्रेलियातील फ्लिंडर्स पर्वतरांगेवरचा लेख वाचला. ॲडलेडच्या उत्तरेला चारशेहून अधिक किलोमीटरवर, खाऱ्या कोरड्या सरोवरांच्या शेजारी उभ्या असलेल्या या लाल डोंगरांवर मराठीत लिहिले गेले याचा मला, ॲडलेडकर मराठी ट्रेकर म्हणून, आनंद झाला. पण 'सेंट मेरी पीकचा माथा गाठल्याशिवाय परतू नका' हा सल्ला मनाला लागला.

हे डोंगर अद्न्यामथना आदिवासींचे आहेत. युर्लू नावाचा म्हातारा उत्तरेकडून इकारा (म्हणजे विल्पेना पाउंड, डोंगरांनी वेढलेला वाटोळा खोलगट भाग) इथे विधीसाठी निघाला, वाटेत त्याने आगट्या पेटवल्या आणि त्यांच्या कोळशातून ली क्रीकचा दगडी कोळसा झाला, असे ते सांगतात. (तिथली खाण २०१५ पर्यंत चालू होती.) त्याच्या मागोमाग दोन अकुरा, म्हणजे महासर्प आले. त्यांनी जमलेल्या लोकांना वेढून गिळले आणि तिथेच देह ठेवला. विल्पेना पाउंडच्या गोलाकार भिंती हे त्यांचे देह. ११७१ मीटर उंचीचे सेंट मेरी हे त्यांतल्या एकाचे डोके. माथ्यावर चढणे म्हणजे त्या डोक्यावर पाय ठेवणे.

म्हणूनच माथ्याच्या वाटेवरच्या टँडेरा खिंडीच्या पुढे जाऊ नये, अशी त्यांची इच्छा आहे. मध्य ऑस्ट्रेलियातल्या उलुरू या पवित्र खडकावरची चढाई २०१९ मध्ये कायमची बंद झाली. इथे तशी बंदी नाही, केवळ विनंती आहे. आणि मला वाटते, विनंतीला मान देण्यातच आपली खरी परीक्षा आहे. देवराईत कुऱ्हाड न चालवणाऱ्या गावांचे आपण कौतुक करतो, तिथे कुठे पोलीस उभा असतो?

हे लोक काल-परवाचे नाहीत. याच रांगेतल्या वारात्यीच्या शैलाश्रयात सुमारे ४९ हजार वर्षांपूर्वीच्या मानवी वावराच्या खुणा सापडल्या आहेत. तरीही या भूमीवरचा त्यांचा पारंपरिक हक्क न्यायालयाने मान्य केला तो २००९ मध्ये, आणि राष्ट्रीय उद्यानाच्या नावात 'इकारा' आले २०१६ मध्ये. त्याच वर्षी सरकारने जवळच्या वॉलरबर्डिना इथे अणुकचरा ठेवण्याचा घाट घातला. तो बेत २०१९ च्या अखेरीस बारगळला, पण तोवर या माणसांना आपल्याच डोंगरांसाठी वर्षानुवर्षे भांडावे लागले. त्यांच्याकडे पाहुणे म्हणून जाताना त्यांनी मागितलेली एवढीशी गोष्ट आपण नाकारावी, हे मला पटत नाही.

खिंडीपर्यंतची चढाई काही कमी नाही. शेवटचा टप्पा खडकांवरून हात टेकत चढायचा आहे आणि वरून दूरवर रांगांमागून रांगा दिसतात. ट्रेकचे समाधान तिथे पुरेपूर मिळते.

लेखासोबतच्या माहितीच्या चौकटीत कुठे राहावे, पाणी किती न्यावे हे सारे आहे. पुढच्या अंकात तिथेच 'अद्न्यामथना लोकांच्या विनंतीनुसार टँडेरा खिंडीतून मागे फिरावे' ही ओळ छापावी, एवढीच विनंती. येत्या हिवाळ्यात, म्हणजे तिकडच्या जून-जुलैत, बरीच मराठी कुटुंबे इकडे येतील.

आपला,
एक वाचक, ॲडलेड