सिकलसेलच्या मुलाचं पाणी शासनाच्या कागदावर यावं: आरोग्यमंत्र्यांना खुलं पत्र

प्रति,
मा. सार्वजनिक आरोग्यमंत्री, महाराष्ट्र राज्य
मंत्रालय, मुंबई

प्रत: मा. आदिवासी विकास मंत्री

विषय: आश्रमशाळा व वसतिगृहांतील सिकलसेलग्रस्त मुलांना पाणी, स्वच्छतागृह आणि जलसंजीवनी (ओआरएस) मिळण्याबाबत

सप्रेम नमस्कार.

विदर्भातल्या एका सरकारी वैद्यकीय महाविद्यालयात मी शरीरक्रियाशास्त्र शिकवलं. आता निवृत्त आहे. दर वर्षी पहिल्या वर्षाच्या मुलांपुढे मी फळ्यावर एक गोल काढायची. आत पोटॅशियम, बाहेर सोडियम, मधे पेशीपटल. कोण कुठल्या दारानं आत येतं, कोण बाहेर पडतं, हे समजावण्यात माझी हयात गेली. तोच गोल पुढे मला एका वॉर्डातल्या खाटेवर भेटला, म्हणून हे पत्र.

सहावीतला मुलगा होता. आश्रमशाळेच्या वसतिगृहात राहणारा, सिकलसेलचा, म्हणजे रक्तातल्या तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकवणाऱ्या जन्मजात आजाराचा रुग्ण. मांड्या आणि पाठ दुखते म्हणून दोन रात्री रडून काढल्या होत्या. तिसऱ्या दिवशी जरा बोलता झाला, तेव्हा मी विचारलं, "पाणी किती पितोस रे दिवसभरात?" तो म्हणाला, "दुपारच्या जेवणानंतर पीतच नाही मॅडम. रात्री गादी ओली होते. मग सगळ्यांसमोर उन्हात टाकायला लावतात."

त्याला सांभाळणारी माणसं दुष्ट होती असं मी म्हणणार नाही. त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं की गादी ओली होणं हा त्याच्या आजाराचाच भाग आहे. मूत्रपिंडाच्या आतल्या थरात रक्त खारट होतं आणि तिथं प्राणवायूही कमी असतो. सिकलच्या पेशी तिथं लवकर वाकतात, बारीक रक्तवाहिन्या तुंबतात आणि लघवी दाट करून पाणी वाचवण्याची ताकद लहानपणीच जाते. शरीराला पाणी हवं असतानाही या मुलाला पातळ आणि भरपूर लघवी होत राहते. इतर मुलांपेक्षा त्याला पाणी जास्त लागतं, आणि शरमेपोटी तोच सगळ्यांत कमी पितो.

त्याच्या तांबड्या पेशीत काय चाललेलं असतं, ते थोडं सविस्तर सांगते. प्राणवायू वाहणाऱ्या हिमोग्लोबिन या प्रथिनाच्या बीटा साखळीत सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलीन हे दुसरं अमिनो आम्ल बसलं, एवढाच जन्मजात फरक. प्राणवायू सोडून दिला की हे हिमोग्लोबिन एकमेकांना चिकटून लांब दोर तयार करतं आणि पेशी विळ्यासारखी वाकते. पण हे दोर तत्काळ तयार होत नाहीत, मधे थोडा वेळ जातो. केशवाहिनीतून पार व्हायला पेशीला साधारण एक सेकंद लागतो. दोर तयार होण्याआधी ती बाहेर पडली तर निभावलं, नाही तर तिथेच अडकते.

हा वेळ ठरतो पेशीतलं हिमोग्लोबिन किती दाट आहे यावर. दाटपणा जेमतेम पाच टक्क्यांनी वाढला, तरी हा वेळ निम्म्याहून खाली येतो. दाटपणा कशानं वाढतो? पेशीतलं पाणी गेलं की. दोरांनी पटल ताणलं गेलं की कॅल्शियम आत शिरतं. कॅल्शियम आलं की पोटॅशियमचा एक चॅनेल, म्हणजे पटलातलं दार, उघडतो. हंगेरीतले शास्त्रज्ञ गार्डोस यांनी १९५८ मध्ये ही गळती दाखवली, म्हणून त्याला गार्डोस चॅनेल म्हणतात. पोटॅशियम बाहेर धावतं, मागून क्लोराइड जातं, त्यामागून पाणी. पेशी आक्रसते, हिमोग्लोबिन आणखी दाट होतं, दोर आणखी लवकर तयार होतात. निरोगी तांबडी पेशी १२० दिवस जगते. या मुलाची १० ते २० दिवसांतच मोडते.

आता आतड्याकडे येते, कारण ही मुलं पावसाळ्यात हगवणीनंही आजारी पडतात. आपल्या आतड्यात रोज साधारण ९ लिटर द्रव येतो. त्यात आपण प्यालेलं दोनेक लिटर, बाकी लाळ, जठररस, पित्त वगैरे. त्यातला बहुतेक सगळा आतड्याच्या पेशी परत शोषून घेतात. कॉलऱ्यात नेमकं इथंच बिघडतं. कॉलऱ्याचे जंतू विष सोडतात, हे कोलकात्याच्या शंभुनाथ डे यांनी १९५९ मध्ये सशाच्या आतड्यावर दाखवलं. त्या विषानं आतड्याच्या पेशीतला क्लोराइडचा चॅनेल उघडाच राहतो. क्लोराइड, मग सोडियम, मग पाणी असं सगळं आतड्यात ओतलं जातं. पण त्याच पेशीवर आणखी एक दार असतं, त्याला हे विष हात लावत नाही. ते दार दोन सोडियम आणि एक ग्लुकोज अशी जोडी जमली तरच आत घेतं, आणि त्यांच्या मागोमाग पाणी आत येतं.

जलसंजीवनीचं सगळं शास्त्र त्या एका दारावर उभं आहे. १९७१ मध्ये पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत कॉलरा पसरला आणि सलाइनच्या बाटल्या संपल्या. तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, सोडा आणि ग्लुकोजचं पाणी पिंपात भरून ठेवलं आणि नातेवाइकांच्या हातानं रुग्णांना पाजलं. तिथला मृत्यूदर ३० टक्क्यांच्या आसपासून ३.६ टक्क्यांवर आला. आजच्या पुडीत एका लिटरला २.६ ग्रॅम मीठ, १३.५ ग्रॅम ग्लुकोज, १.५ ग्रॅम पोटॅशियम क्लोराइड आणि २.९ ग्रॅम सायट्रेट असतं. कणांच्या हिशेबात सोडियम आणि ग्लुकोज सारख्याच संख्येनं, लिटरला ७५ आणि ७५ मिलिमोल. साखर याहून बरीच जास्त झाली की तीच पाणी आतड्यात खेचते आणि जुलाब वाढतात. म्हणून गोड पेयांच्या नावात 'ओआरएस' लावण्यावर ऑक्टोबर २०२५ मध्ये अन्नसुरक्षा प्राधिकरणानं घातलेली बंदी मला फार मोलाची वाटते.

मंत्रिमहोदय, आता सिकलसेलच्या मुलाला जुलाब झाले तर काय होतं ते पाहा. आतड्यातून पाणी जातंय, मूत्रपिंड ते वाचवू शकत नाही, आणि रक्तातलं पाणी घटलं की तांबड्या पेशीही आक्रसतात. दुसरं मूल जिथं दोन दिवसांत खेळायला लागतं, तिथं हे मूल वेदनेच्या झटक्यानं वॉर्डात येतं. मी ते पाहिलं आहे, एकदा नाही.

१ जुलै २०२३ ला मध्य प्रदेशातल्या शहडोलमधून सिकलसेल निर्मूलनाचं राष्ट्रीय अभियान सुरू झालं. ४० वर्षांपर्यंतच्या ७ कोटी लोकांची तपासणी आणि २०४७ पर्यंत निर्मूलन हे त्याचं उद्दिष्ट. तपासणीला माझा मनापासून पाठिंबा आहे. पण तपासणीचं कार्ड हातात पडलं, म्हणजे मुलाच्या दिवसात काही बदललं असं होत नाही. नंदुरबारच्या भिल्ल-पावरा मुलांचं, गडचिरोलीच्या माडिया-गोंड मुलांचं बालपण घरापासून दूर, आश्रमशाळेत जातं. आश्रमशाळा आदिवासी विकास विभागाची, औषध आपल्या विभागाचं. पाणी मात्र दोघांच्याही कागदावर नाही.

माझी मागणी एवढीच, की दोन्ही विभागांनी मिळून एक परिपत्रक काढावं. सिकलसेलच्या मुलाला वर्गात बाटली जवळ ठेवू द्यावी. पाणी प्यायला आणि लघवीला जायला परवानगी मागावी लागू नये. रात्री स्वच्छतागृहाच्या वाटेवर दिवा असावा. लहान मुलीही एकट्या जाऊ शकतील इतका उजेड हवा. गादी ओली झाली तर ती आजाराची नोंद समजावी आणि कुणाच्याही नजरेला न पडता बदलून द्यावी. कवायत, श्रमदान, सहल यांत उन्हात उभं करताना या मुलांची नावं आधी पाहावीत, आणि थंडीत त्यांना गार पाण्यानं आंघोळ घालू नये, कारण गारठ्यानंही झटका येतो.

जलसंजीवनीच्या पुड्या आणि झिंकच्या गोळ्या अधीक्षकाच्या कपाटात हव्यात, सोबत एक लिटरची खूण केलेलं भांडंही. हे भांडं मी मुद्दाम लिहिते आहे. अख्खी पुडी एका पेल्यात कालवून पाजलेली मी पाहिली आहे. ते पाणी इतकं खारट होतं की त्यानं अपायच होतो.

नुसतं पाणी पाजून हा आजार बरा होतो, असं मी म्हणत नाही. गार्डोस चॅनेल बंद करणारं सेनिकापॉक नावाचं औषध मोठ्या चाचणीपर्यंत पोचलं होतं. पेशी वाचल्या, हिमोग्लोबिन वाढलं, पण वेदनेचे झटके कमी झाले नाहीत आणि चाचणी थांबली. आम्हा शिक्षकांना तेव्हा फार वाईट वाटलं होतं. आज खरा आधार हायड्रॉक्सियुरिया या औषधाचा आहे. ते रोज घ्यावं लागतं, मधूनमधून रक्त तपासावं लागतं, आणि साठा संपला म्हणून महिनाभर खंड पडला तर उपयोग उरत नाही. तो साठा तालुक्याला न ठेवता आश्रमशाळेजवळच्या आरोग्य केंद्रात असावा. पण ज्या दिवशी कॅप्सूल मिळते, त्या दिवशीही मुलाला तहान लागतेच.

उन्हाळ्याच्या सुट्टीनंतर जूनमध्ये शाळा उघडतात आणि लगेच हगवणीचे दिवस येतात. परिपत्रक त्याआधी निघावं. अधीक्षकांसाठी दोन पानांची मराठी सूचना मी लिहून ठेवली आहे. माडिया आणि पावरी बोलणाऱ्या शिक्षकांकडून ती तपासून घ्यावी लागेल, कारण मुलाशी बोलताना तीच भाषा लागते. विभागानं बोलावलं तर कुठल्याही आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयात मी स्वखर्चानं येईन. मला फक्त एक फळा लागेल.

आपली विश्वासू,
शरीरक्रियाशास्त्राची एक निवृत्त प्राध्यापिका