पन्नास सेंटांची होडी

बडोदे,
१४ सप्टेंबर २०२५

चि. मनूस,
अनेक आशीर्वाद.

काल फोनवर म्हणालीस, "बाबा, ब्रिस्बेनमध्ये काय बघायचं ते दोन ओळींत व्हॉट्सअ‍ॅप करा." दोन ओळींत मला काही जमत नाही हे तुला ठाऊक आहे, म्हणून पत्र. आई म्हणते, तू वाचणार नाहीस. विमानात वाच, तिथे दुसरं काय करणार आहेस?

ऑफिसचं काम आटोपून तुला चार दिवस मोकळे मिळतायत. त्यातला एक गोल्ड कोस्टला, एक कोआलांना, असा कागद तू आधीच तयार केला असशील. माझीच मुलगी तू. जूनमध्ये ताईकडे बारा दिवस होतो, तेव्हा पहिले तीन दिवस मीही असाच यादी घेऊन पळत होतो. चौथ्या दिवशी चुकलो, आणि मग ते गाव जरा कळलं.

झालं असं. साउथ बँकच्या धक्क्यावर सिटीकॅट नावाची बोट येते. आम्हाला जायचं होतं न्यू फार्मला, म्हणजे नदीच्या खालच्या अंगाला. बोट दिसताच मी आईला "चढ, चढ" करून चढवलं. ती दोनदा म्हणाली, "अहो, ही उलटी चाललीय." मी म्हटलं, नदी वळणं घेते, तुला वाटतं तसं. नदी वळणं घेते हे खरंच आहे, सापासारखी पडलीय ती गावात, पण बोट उलटीच होती. शेवटच्या थांब्यावर, सेंट लुशियाला विद्यापीठापाशी, सगळे उतरले तेव्हा मी गप्प बसलो. आईही काही बोलली नाही, आणि तेच जास्त लागलं. मग तिथल्याच बाकावर थर्मासातला चहा प्यायलो, परतीची बोट धरली आणि न्यू फार्मला न उतरता पार दुसऱ्या टोकाला, नॉर्थशोर हॅमिल्टनपर्यंत बसून राहिलो. एका टोकाहून दुसरं टोक तासाभराहून थोडं जास्तच. तिकीट पन्नास सेंट. तीसेक रुपये! एवढ्यात समाहून मांडवीला रिक्षावाला आपल्याला आत बसूही देणार नाही.

हा पन्नास सेंटांचा दर २०२४च्या ऑगस्टपासून लागू झाला आणि आता कायमचा केलाय. ट्रान्सलिंकची, म्हणजे तिथल्या सरकारी वाहतुकीची, बस, ट्रेन, बोट, काहीही घे. चढताना-उतरताना बँकेचं कार्ड टॅप करायचं, बस. विमानतळाची ट्रेन मात्र यात येत नाही, ते महाग पडतं. आणि लाल रंगाची सिटीहॉपर दिसली तर ती चक्क फुकट आहे, पण ती हळू जाते आणि गावाच्या मधल्या भागातच फिरते.

नदीचं पाणी गढूळ आहे हे आधीच सांगून ठेवतो, नाहीतर फोटोतली निळाई शोधत बसशील. चहासारखा रंग. भरती-ओहोटी थेट गावातून जाते, आणि पाण्यात बुल शार्क आहेत, म्हणून पोहायला कोणी उतरत नाही. आई म्हणाली, "आपल्याकडे मगरी, यांच्याकडे शार्क, म्हणजे बरोबरी झाली." पण मनू, बरोबरी होत नाही गं. आपण विश्वामित्री ओलांडतो फक्त. काळ्या घोड्याच्या पुलावरून जाताना मान वळवून मगर दिसते का बघायचं, नाकाला रुमाल लावायचा, झालं. तिथे लोक नदीकाठी येऊन बसतात. डबा खातात, पोरांना चालायला शिकवतात, म्हातारे नुसते बघत बसतात. आपले गुजराती शेजारी 'निरांत' म्हणतात ना, ती. घाई नाही कोणाला. मी दोन दिवस अस्वस्थ होतो, तिसऱ्या दिवशी मीही पाय पसरले.

बरं, ते गाव पुरातलंच आहे, आपल्यासारखं. १८९३, १९७४, २०११, २०२२. २०११च्या जानेवारीत गावातल्या मापावर नदी ४.४६ मीटरपर्यंत चढली होती. १९७४ला त्याहून एक मीटर जास्त, आणि त्या पुरानंतर वरच्या अंगाला विव्हेनहो धरण बांधलं. धरण असूनही २०११ आलंच. न्यू फार्मला नदीवर तरंगता पादचारी मार्ग होता. त्याचा तीनेकशे मीटरचा तुकडा तुटून वाहत निघाला. खाली पुलाला धडकला तर काय, म्हणून एका टगबोटवाल्याने त्याला ढकलत, वळवत, त्या पुलाखालून पार समुद्राच्या तोंडाशी नेऊन सोडला. आता तिथे खांबांवर पक्का बांधलाय, २०१४पासून. सकाळी चाल तिथून.

आणि माझी खरी गोष्ट ही. त्या पुरात बोटींचे धक्के मोडून पडले. परत बांधताना त्यांनी काय केलं, तर वरच्या अंगाला एक जाडजूड खांब रोवला, वाहून येणारं झाड-ओंडका आधी त्याच्यावर आपटेल असा. आणि काठाहून धक्क्यावर नेणारा जो छोटा पूल असतो, तो पुराचा जोर आला की एका बाजूने आपोआप सुटतो आणि प्रवाहाबरोबर वळून आडोशाला जातो. पाणी ओसरलं की पुन्हा जोडायचा. माझी सगळी नोकरी पाइप आणि व्हॉल्व्हमध्ये गेली, पण पाण्याला वाट देण्यासाठी आपलाच पूल सोडून द्यायचा, हे मला कधी सुचलं नसतं. आपण भिंत उंच करतो.

तू आता म्हणशील, बाबा पुरावरच अडकले. अडकलोय खरा. तिकडे पन्नास सेंट सुरू झाले त्याच ऑगस्टच्या शेवटी आपल्या घरात पाणी शिरलं. तू तेव्हा पुण्याला होतीस, फोन लागत नव्हता. दिवाळीला आलीस तेव्हा रंग झाला होता, म्हणून तुला दिसलं नाही. पण तुझ्या खोलीच्या दाराची चौकट आईने रंगवू दिली नाही. तिच्यावर दर वाढदिवसाला पेन्सिलने तुझी उंची काढायचो ना? मातकट रेघ बरोबर सातव्या आणि आठव्या वाढदिवसाच्या मधून गेलीय. सातवा निम्मा पुसला, आठवा शाबूत.

असो. आता कामाचं.

ऑक्टोबरात जातेयस म्हणजे तुला नीलमोहर मिळणार, आम्हाला मिळाला नाही. तिथला पहिला नीलमोहर १८६४ला सिटी बोटॅनिक गार्डन्समध्ये लावला होता. तो वादळात पडला, पण आर्ट गॅलरीत त्याच्याखाली बसलेल्यांचं १९०३चं चित्र आहे. ते बघ, तिकीट नाही. विद्यापीठातली पोरं म्हणे नीलमोहराचं फूल डोक्यावर पडलं की परीक्षेत नापास होतात. तुझ्या परीक्षा झाल्या, बिनधास्त फिर. त्याच बागेत वडाच्या कुळातली प्रचंड झाडं आहेत, बुंध्याला भिंतींसारखी मुळं. वडोदऱ्याच्या माणसाला इतक्या लांब भाऊबंद भेटले की बरं वाटतं. बागेच्या टोकाहून नव्या पुलावरून चालत कँगारू पॉइंटला जाता येतं. मोटारींना बंदी, फक्त पायी आणि सायकली. संध्याकाळी तिथल्या कड्यावर दिवे लावून पोरं दोरांनी चढतात. आईने डोळे मिटून घेतले.

साउथ बँकला वाळू आणून केलेला किनारा आहे, पोहायचं तर तिथे. १९८८च्या जागतिक प्रदर्शनाच्या जागेवर १९९२ला ही सगळी बाग केली. प्रदर्शनातला नेपाळचा लाकडी पॅगोडा लोकांनी आग्रहाने ठेवून घेतला, त्याचं कोरीवकाम हात लावून बघण्यासारखं आहे. तिथे बाकावर डबा उघडशील तर सांभाळ. वाकड्या चोचीचा पांढरा पक्षी येतो, आपल्या शराटीच्या जातीतला. तिथे त्याला 'बिन चिकन' म्हणतात, कचरापेट्या उपसतो म्हणून. ताईने केलेला मेथीचा ठेपला त्याने आईच्या हातातून नेला. तिने हाड्-हाड् केलं, तो एक पाऊलही मागे सरकला नाही. शेजारचं एक जोडपं हसून हसून आडवं झालं, आणि मग त्यांनी आम्हाला केक दिला.

लवकर ऊठ. तिथे घड्याळ पुढे करायची पद्धत नाही, त्यामुळे ऑक्टोबरात सव्वापाचच्या सुमारास उजाडतं, आणि कॉफीची दुकानं भल्या सकाळी भरतात. दुपारी तीनला जाशील तर खुर्च्या उलट्या ठेवलेल्या. वादळी पाऊस दुपारनंतर गाठतो, छत्री ठेव. गांधीजींचा पुतळा रोमा स्ट्रीटच्या बागेत आहे, आईच्या वतीने नमस्कार कर, तिने बजावलंय.

सुखडी पाठवतेय ती. विमानतळावरच्या कार्डावर खाण्याच्या वस्तूंपुढे 'हो' लिही, लपवू नकोस. दाखवली तर बघतात आणि बहुतेक देतात. लपवली तर दंड.

कोआला राहिले तर राहू देत. बोटीचं मात्र एक काम कर माझ्यासाठी. तो वळणारा पूल काठाला जिथे जोडलाय, त्या सांध्याचा फोटो काढ, खालच्या बाजूने, वाकून. मी काढत होतो तेवढ्यात बोट आली आणि आईने हात धरून ओढलं. या वेळी ती बरोबर बोटीत चढली होती.

तुझे,
बाबा