रानकॉफी, पण कुठल्या बियांची?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीतला ‘रानकॉफी’वरचा, म्हणजे रानातल्या बिया भाजून केलेल्या पेयावरचा लेख वाचला. आमच्या भुदरगडकडच्या घरात हिला कुणी कॉफी म्हटल्याचं आठवत नाही. आज्जी म्हणायची, ‘टाकळ्याचा च्या’. पावसाच्या सुरुवातीला कोल्हापुरातल्या कपिलतीर्थ मंडईत जुड्यांनी येणारा हाच तो टाकळा. पावसाळा सरला की त्याच्या शेंगा वाळतात. त्या बडवून बिया काढायच्या, पाखडायच्या आणि लोखंडी कढईत मंद जाळावर भाजायच्या. तडतडून काळपट झाल्या की लगेच उतरायच्या, नाहीतर कडूजहर. मग जात्यावर दळून ती पूड गूळ आणि चिमूटभर सुंठ घालून उकळायची. दूध असलं तर असलं. यात कॅफिन नाही, त्यामुळे झोप उडत नाही. मात्र टाकळा पोट साफ करणाऱ्या सोनामुखीच्या भावकीतला, म्हणून दुसऱ्यांदा मागून घेणाऱ्याला पहाटे लवकर उठावं लागे!

लेखात एक गोष्ट राहिली, त्यासाठी हे पत्र. मध्यंतरी शहरातल्या एका प्रदर्शनात मी रानकॉफीचं पाकीट घेतलं. वर डोंगराचं चित्र, पण आत कसली पूड ते कुठंच नाही. विचारलं, तर विकणारी मुलगी म्हणाली, “काका, रानातल्या बियांची.”

आता टाकळा उगवतो तिथंच कासविंदाही उगवतो. दोघांची फुलं पिवळी, दोघांच्याही बिया भाजून पितात. पण कासविंद्याच्या कच्च्या बिया विषारी. पश्चिम उत्तर प्रदेशात सहारनपूर-बिजनौरकडे थंडीच्या तोंडावर लहान मुलं अचानक दगावत. 2007 च्या सुमारास डॉक्टरांनी त्याचा माग खेळता खेळता खाल्लेल्या कासविंद्याच्या शेंगांपर्यंत नेला. झाड उभं असताना फरक कळतो: टाकळ्याला बोथट पानांच्या तीन जोड्या आणि बारीक, लांब, वाकडी शेंग, कासविंद्याला टोकदार पानांच्या चार-पाच जोड्या आणि चपटी शेंग. बीसुद्धा टाकळ्याचं तिरकं छाटल्यासारखं, कासविंद्याचं चपटं. पूड झाल्यावर कोण ओळखणार? आणि भाजणी कच्ची राहिली, तर?

प्रदर्शनात गाळे देणाऱ्यांनी पाकिटावर झाडाचं नाव लिहिण्याची अट घालावी. आपणही पुरवणीत दोन्ही झाडांचे फोटो शेजारी-शेजारी छापावेत. माझं पाकीट अजून न फोडता फडताळातच आहे.

आपला,
एक निवृत्त शिक्षक, कोल्हापूर