दोन विसावे

नागपूर,
दसऱ्यानंतरचा रविवार

प्रिय बेटा,
जय भीम.

परवा फोनवर तू विचारलंस, "आई, दादा म्हणतो तू मृत्युपत्र करून राहिली. काही लपवून तर नाही ना राहिली?" आणि पुढे तुला बोलता येईना. म्हणून आज लिहायला बसले. फोनवर असं काही निघालं की तू रडतेस, मग मीही विषय बदलते आणि सांगायचं ते राहून जातं.

तब्येत चांगली आहे. शुगर आहे तेवढीच आहे. सकाळी पाऊण तास चालते, जिने चढते. मृत्युपत्राचं नाव काढलं की माझी माय "अभद्र बोलू नको" म्हणून गप्प करायची. पण तुझे पप्पा गेल्यावर आपलं काय झालं ते तू पाहिलं आहेस. त्यांनी चार ओळी लिहून ठेवल्या नव्हत्या. कामठी रोडचा तो छोटा प्लॉट आणि बँकेतली ठेव यांच्यासाठी वारस प्रमाणपत्र, प्रतिज्ञापत्रं, तुझी इंग्लंडहून आलेली सहीची कागदपत्रं, ती परत गेली, परत आली. दहा महिने गेले. ठेवीवर माझं नाव नॉमिनी म्हणून होतं, मला वाटायचं झालं. वकीलबाईंनी समजावलं की नॉमिनी मालक होत नाही, तो पैसा ताब्यात घेऊन खऱ्या वारसांना देणारा माणूस असतो. शेअर्सच्या बाबतीतसुद्धा सर्वोच्च न्यायालयानं डिसेंबर २०२३ मध्ये हेच सांगितलं. पप्पांना काय द्यायचं होतं, कोणाला द्यायचं होतं, हे मला आजही माहीत नाही. ते माझ्या मनाला लागून राहिलं आहे.

तर आता मी काय लिहिलं ते ऐक. फ्लॅट दादाचा, कारण तो त्यात राहतो. प्लॉट तुझा. दागिने नातीचे. ठेवी आणि बाकीची शिल्लक यांतून आधी माझं औषधपाणी, शेवटचा खर्च, कोणाचं देणं असेल ते. त्यानंतर माझ्या सगळ्या मालमत्तेच्या दहाव्या हिश्श्याएवढी रक्कम एका संस्थेला. उरलेलं तुम्हा दोघांचं, सारखं.

दादाला राग आला आहे तो या दहाव्या हिश्श्याचा. आजच्या भावानं ते सहा लाखांच्या आसपास जातं. तो म्हणाला, "आई, सहा लाखांत पोरीच्या इंजिनिअरिंगची दीड-दोन वर्षं निघतात." तो चुकीचं बोलला नाही. हप्ते भरणाऱ्या माणसाला सहा लाख म्हणजे काय ते मला कळतं. तो लोभी नाही, त्याच्याबद्दल तसं मनात आणू नकोस. पण मी त्याला जे सांगू शकले नाही ते तुला सांगते, कारण सुईण आजीची गोष्ट मी तुम्हाला कधी पूर्ण सांगितलीच नाही.

नागपुरातल्या इंदोऱ्यात आमच्या घरामागे एक म्हातारी राहायची. वस्तीतली निम्मी लेकरं तिच्या हातावर जन्मली, मीसुद्धा. तिला मूलबाळ नव्हतं. बाळंतपणाचे पैसे कोणी द्यायचं, कोणी पायलीभर ज्वारी द्यायचं, कोणी काहीच नाही. १९७५ साली मला डी.एड.ला प्रवेश मिळाला आणि त्याच वर्षी बाबांची गिरणी कितीतरी महिने बंद होती. फी, पुस्तकं, पांढरी साडी, सगळे मिळून १६० रुपये लागत होते. बाबांनी दोन ठिकाणी हात पसरला. मी मनातून शिक्षिका होणं सोडून दिलं होतं आणि बिड्या वळायला बसणार होते. त्या पावसाळ्यात सुईण आजी गेली. जायच्या आदल्या रात्री तिनं भाच्याला सांगितलं, "डब्यातले पैसे या पोट्टीच्या फीला देजो. माझ्या दिवसाला खर्च करजो नोको." भाचा हमाली करायचा, त्याच्या घरी तीन लेकरं. त्यानं तिसऱ्या दिवशी डबा आणून बाबांच्या समोर ठेवला. मोजले तर १४० निघाले. वरचे वीस माझ्या मायनं पैंजण मोडून घातले.

एकतीस वर्षं मी शाळेत शिकवलं, तुम्हाला वाढवलं, हे घर घेतलं, आता पेन्शनवर जगते आहे. त्या सगळ्याच्या बुडाशी ते १४० रुपये आहेत. ते देणारीनं मला कमावताना पाहिलं नाही.

मी वकीलबाईंना विचारलं, सुईण आजीचं ते बोलणं कायद्यानं मृत्युपत्र ठरलं असतं का. नाही, म्हणाल्या. १९२५ च्या भारतीय उत्तराधिकार कायद्यात तोंडी मृत्युपत्राची सवलत आहे ती मोहिमेवरच्या किंवा लढाईतल्या सैनिकाला, तशाच वैमानिकाला आणि समुद्रावरच्या खलाशाला. बाकी सगळ्यांना कागद लागतो, त्यावर सही लागते, आणि ती सही पाहिलेले किमान दोन साक्षीदार लागतात. म्हणजे तो भाचा डबा स्वतःच्या घरी ठेवून गेला असता तर कोणी काही करू शकलं नसतं. माझं सगळं आयुष्य त्या एका हमालाच्या मनावर उभं राहिलं. तुम्हा दोघांच्या मनावर माझा पूर्ण विश्वास आहे. तरी कागद करते, म्हणजे तुमच्यावर भार नको, आणि उद्या तुमच्यात त्यावरून शब्दाला शब्द नको.

आता दहावा हिस्साच का, ते सांगते. तू म्हणालीस, तिकडेही दहा टक्केच म्हणतात. तुमच्याकडे वारसा कर आहे. ३,२५,००० पौंडांच्या वरच्या मालमत्तेवर ४० टक्के, आणि निव्वळ मालमत्तेचा दहावा हिस्सा धर्मादाय संस्थेला ठेवला तर तो दर ३६ होतो, हे तूच समजावलं होतंस. आपल्याकडे असा कर १९८५ पासून नाही. त्यामुळे मृत्युपत्रातून दान केल्यानं माझा किंवा तुमचा एक रुपयाही वाचत नाही. माझा आकडा दुसरीकडून आला आहे.

१९५६ च्या दसऱ्याला तुझे आजोबा, म्हणजे माझे बाबा, बावीस वर्षांचे होते. पांढरा सदरा उसना घेऊन ते दीक्षाभूमीवर गेले, तेव्हा ते नुसतं मोकळं मैदान होतं. १४ ऑक्टोबरला दीक्षा घेतली आणि दुसऱ्या दिवशी, १५ तारखेला, बाबासाहेबांचं ते मोठं भाषण उभ्यानं ऐकलं. त्या भाषणात बाबासाहेबांनी लोकांना आपल्या मिळकतीचा विसावा हिस्सा द्यायला सांगितलं. ते धम्माच्या कामासाठी होतं. आजोबांनी घरी येऊन त्याचा हिशेब केला, ८० रुपये पगार, ४ रुपये विसावा. अर्धे विहाराला, अर्धे वस्तीतल्या पोरांच्या परीक्षेच्या फीला. "बाबासाहेब शिका म्हणाले, मग फी भरणं हाच धम्म," असा त्यांचा अर्थ. गिरणी चालू होती तोवर एक महिना चुकला नाही. माय चिडायची, कधी कधी घरात तेल नसायचं. मी मोठी झाल्यावर मलाही तो आकडा जड वाटायचा. पगार सुरू झाल्यावर मी कधी दिला, कधी नाही दिला. तुमचं शिक्षण, घराचा हप्ता, पप्पांचं आजारपण, दरवेळी काही ना काही होतंच. जे तेव्हा राहिलं ते आता देते. एक विसावा माझा आणि एक तुझ्या पप्पांचा, त्यांनाही लिहायचं होतं असं धरून. दोन विसावे मिळून दहावा झाला.

मोठ्या माणसांनी हे मोठ्या मापानं केलं आहे. अमरावती रोडवरून जाताना तू लहानपणी एलआयटीच्या, म्हणजे लक्ष्मीनारायण इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीच्या, फाटकाकडे बोट दाखवून विचारायचीस, हे लक्ष्मीनारायण म्हणजे देव का. देव नाही, कामठीचे रावबहादूर डी. लक्ष्मीनारायण. त्यांनी मृत्युपत्रानं नागपूर विद्यापीठाला आपली संपत्ती दिली आणि त्यातून १९४२ साली ती संस्था उभी राहिली. पण मला लिहिताना ते आठवत नव्हते, १४० रुपयांचा डबा आठवत होता.

संस्था कोणती ते मृत्युपत्रात नोंदणी क्रमांकासकट आहे, तू वाचशीलच. तिच्यापर्यंत मी कशी पोचले ते सांगते. आपल्याकडे भांडी घासायला येणारी बाई विधवा आहे, तुला माहीत आहे. तिला संजय गांधी निराधार योजनेचे महिन्याचे १,५०० रुपये मिळू शकत होते. अट अशी की कुटुंबाचं वर्षाचं उत्पन्न २१,००० च्या आत हवं. महिन्याला १,७५० पडतात, बेटा. तेवढ्यात दोन लेकरं जगवणारी बाईच निराधार मानली जाते. उत्पन्नाचा दाखला, नवऱ्याच्या मृत्यूचा दाखला, रहिवासी, रेशनकार्डावर अजून सासऱ्याचंच नाव. एका कचेरीतून दुसऱ्या कचेरीत ती आठ महिने फिरली, प्रत्येक फेरीला दोन घरांचं काम बुडालं. मी एकदा सोबत गेले. मी शिकलेली, निवृत्त शिक्षिका, मलाही त्या फॉर्मातला एक रकाना समजला नाही. मग कोणीतरी या संस्थेच्या कार्यकर्तीचा नंबर दिला. तिशीतली पोरगी, खांद्याला झोळी, झोळीत कोरे फॉर्म आणि शाईचं पॅड. तिनं बाईजवळ बसून आधी रेशनकार्ड वेगळं करून घेतलं, मग दाखले, मग अर्ज. कोणता कागद आधी आणि कोणता नंतर, एवढंच ज्ञान. पाचव्या महिन्यात पैसे खात्यात आले. त्या पोरीनं त्या वर्षी आमच्या भागात अशा कितीतरी बायकांचं काम केलं.

मी संस्थेत जाऊन विचारलं, तुम्हाला सगळ्यात जास्त अडचण कशाची? ते म्हणाले, पगाराची. लोक शिलाई मशीन देतात, त्यावर आईवडिलांचं नाव घालून. ब्लँकेटं देतात, दिवाळीचा फराळ देतात. झोळीवाल्या पोरीचा पगार द्यायला कोणी तयार नसतं, कारण त्यावर पाटी लावता येत नाही. म्हणून मी मृत्युपत्रात "संस्थेला योग्य वाटेल त्या कामासाठी" असंच लिहिलं. माझं नाव कुठे लावू नये असंही लिहिलं. मी जाईन तेव्हा गरिबीचं रूप काय असेल, कोणता फॉर्म भरावा लागेल, हे आज मी कशी ठरवणार?

ठरावीक रक्कम न लिहिता हिस्सा लिहिला तो यासाठी की १९७५ चे १४० रुपये आज पुस्तकांच्या दुकानात संपतात. वीस वर्षं जगले तर सहा लाखांचंही तसंच होईल, आणि माझीच पुंजी आजारपणात आटली तर संस्थेचा हिस्साही तेवढाच आटेल, तुमचं काही ओढून जाणार नाही. हा हिस्सा ठेवींतूनच द्यायचा, त्यासाठी घर विकायची वेळ आणायची नाही, असं स्पष्ट घातलं आहे. दादाला ते वाचून दाखव. संस्था तेव्हा बंद पडली असेल किंवा बिघडली असेल तर विदर्भात असंच काम करणारी दुसरी नोंदणीकृत संस्था तुम्ही दोघांनी निवडायची. निवडताना धर्मादाय आयुक्तांकडची नोंदणी आणि तीन वर्षांचे हिशेब बघा, आणि एकदा स्वतः जाऊन दिवसभर बसा. तसं बसल्याशिवाय मला तरी काही कळलं नसतं.

पुढच्या आठवड्यात दुय्यम निबंधकांकडे नोंदणी आहे. मृत्युपत्राची नोंदणी सक्तीची नाही, मुद्रांकही लागत नाही, पण मी करून घेते आहे. डॉक्टरांचं मी शुद्धीत असल्याचं प्रमाणपत्र जोडलं आहे. साक्षीदार शाळेतल्या दोन मैत्रिणी, ज्यांना यातून काही मिळणार नाही अशा. अंमलबजावणीसाठी तुम्हा दोघांची नावं घातली, एकट्या दादाचं नाही. तू दूर आहेस म्हणून तुला सोडलं असं तुला वाटू नये, आणि रागावलेल्या माणसालाच हे काम एकट्यानं करायला लावू नये.

मन बदललं तर मी जिवंत असेपर्यंत कधीही बदलू शकते, शेवटचं मृत्युपत्र खरं धरतात. दादानं माझं मन बदलायचा प्रयत्न करावा, माझी हरकत नाही. नातीच्या शिक्षणाचा प्रश्न खरा आहे आणि त्यासाठी मी आत्तापासून वेगळी ठेव सुरू केली आहे, त्याला अजून सांगितलं नाही. ते मला समोर बसून सांगायचं आहे.

रविवारी तुझ्या सकाळी फोन कर, इथे दुपार असेल, दादाही घरी असेल. तो आधी गप्प बसेल. त्याला सुईण आजीची गोष्ट तू सांग. मी सांगायला लागले की मला वीस रुपयांच्या पैंजणापाशी थांबावं लागतं.

तुझी,
आई