पंप दिला, पण ओढायचा कसा ते कोण सांगणार?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आमच्या घरात श्वासाचे दोन पेशंट आहेत. मुलगा नववीत, त्याला दमा. सासूबाई सत्तरीच्या पुढं, त्यांना सीओपीडी, म्हणजे श्वासनळ्या कायमच्या अरुंद होण्याचा आजार. आईंनी कधी विडीला हात लावला नाही पण चाळीसेक वर्षं चुलीपुढं काढली, पावसात ओली लाकडं फुंकायची म्हणजे काय धूर असतो ते ज्यांनी फुंकलीत त्यांनाच ठाऊक. फुंकायच्या टेस्टमध्ये औषध देऊन परत फुंकायला लावलं तरी त्यांचा आकडा काही वर येईना, तेव्हा कळलं की हा दमा नव्हे.

तर गेल्या महिन्यात डॉक्टरांनी आईंना नवीन औषध लिहून दिलं, टायोट्रोपियम, दिवसातून एकदा. आमच्या ह्यांनी येताना फार्मसीतून कॅप्सूलची स्ट्रिप आणि एक छोटं मशीन आणलं, पिशवीत घालून दिलं, पैसे घेतले, झालं. आठ दिवस झाले तरी आईंना न्हाणीघरापर्यंत जाताना धाप लागतेय ती लागतेच. मी म्हटलं औषध घेता ना रोज, तर म्हणे घेते की, सकाळी चहाबरोबर. चहाबरोबर! कॅप्सूल गिळत होत्या. मशीन डब्यातच, प्लास्टिक पण काढलेलं नाही. मी जरा आवाज चढवला तर शांतपणे म्हणाल्या, "म्हाका कोणें सांगूंक ना." खरंच कोणी सांगितलं नव्हतं. कॅप्सूल दिसली की माणूस गिळणारच ना. त्या आतली पावडर ओढून फुफ्फुसात जायला हवी, पोटात गेली तर श्वासाला तिचा काही उपयोग नाही.

म्हणून हे पत्र. कुठल्या एका फार्मसीवर किंवा डॉक्टरवर राग नाही, सगळीकडे हेच चालतं.

मशीन सुरू केल्यावर दुसरी गंमत. मुलाचा पंप (इनहेलर) गॅसवाला, तो हलवायचा, श्वास पूर्ण सोडायचा, दाबायचा आणि हळूहळू खोल ओढायचा, मग दहापर्यंत मोजत श्वास धरायचा. त्याला स्पेसर, म्हणजे पंप आणि तोंडाच्या मधली पोकळ नळी, लावला की अजून सोपं, नाहीतर निम्मं औषध घशालाच चिकटतं. आईंच्या मशीनला गॅस नाही, पावडर ओढायची ताकद आपल्याच श्वासाची, म्हणून तिथं जोर लावून खोल ओढायचं. नातवाला बघून आजी पण हळूच ओढायला लागली! आमच्या मशीनमध्ये कॅप्सूल आत फिरून घर्र आवाज आला तर समजायचं बरोबर ओढलं, आता त्यांचं सगळं लक्ष त्या घर्रवर असतं.

आणि पाऊस. गोव्यात जून ते सप्टेंबर चपला, पुस्तकं, देवघरातली वस्त्रं, सगळ्याला बुरशी धरते, तर त्या कॅप्सूल कशा सुटतील? आईंनी सोयीसाठी दहा कॅप्सूल आधीच स्ट्रिपमधून काढून स्टीलच्या डबीत भरून ठेवल्या होत्या, दोन दिवसात मऊ पडल्या, आतली पावडर दमट होऊन गोळा झाली. कॅप्सूल घ्यायच्या वेळीच स्ट्रिपमधून काढायची. हे सुद्धा आम्ही एक स्ट्रिप फुकट घालवून शिकलो.

आता शेजारपाजारचा सल्ला. "पंप लावू नका गो पोराला, सवय लागते, त्यापेक्षा सिरप-गोळ्या बऱ्या." हिशेब सांगते. धाप लागली की घ्यायच्या निळ्या पंपाच्या एका दाबात साल्ब्युटामॉल, म्हणजे नळ्या मोकळ्या करणारं औषध, 100 मायक्रोग्रॅम. त्याच औषधाची 4 मिलिग्रॅमची एक गोळी म्हणजे असे 40 दाब, आणि ते सगळं अंगभर फिरणार म्हणून हात थरथरतात, छाती धडधडते. मग स्ट्राँग काय, पंप का गोळी?

उलट निळ्या पंपाची खरी भीती वेगळीच आहे, त्याच्यावर कोणी बोलत नाही. तो नळ्या लगेच मोकळ्या करतो, बरं वाटतं, आणि माणूस तेवढ्यावरच राहतो. पण दम्यात नळ्यांना आतून सूज असते, ती ह्यानं उतरत नाही, त्याला स्टेरॉईडचा पंपच लागतो, बुडेसोनाईड वगैरे. ग्लोबल इनिशिएटिव्ह फॉर अस्थमा ह्या संस्थेनं तर 2019 पासून स्पष्टच सांगितलंय की मोठ्या माणसांना आणि बारा वर्षांवरच्या मुलांना नुसत्या निळ्या पंपावर ठेवू नका. स्टेरॉईड म्हटलं की लोक दचकतात, पण तो डोस मायक्रोग्रॅममध्ये असतो, गोळ्यांसारखा मिलिग्रॅममध्ये नाही. ओढून झाल्यावर चूळ भरून थुंकायचं, नाहीतर तोंडात पांढरी बुरशी येते. आमच्या चिरंजीवांना हे दर वेळी ओरडून सांगावं लागतं.

एका रात्री ह्यांनी आईंना मुलाचा स्टेरॉईडवाला पंप देऊ केला, "श्वासाचाच आहे ना?" म्हणून. तसं नाही हो. दम्यात स्टेरॉईड हा पाया, सीओपीडीत तो सगळ्यांना लागत नाही, आणि न्यूमोनियाचा धोका वाढतो तो वेगळाच. सीओपीडीत नळ्या उघड्या ठेवणारी, बारा-चोवीस तास टिकणारी औषधं आधी.

आता मागणी काय, तर साधी. फार्मसीवाल्यांनी काउंटरवर एक रिकामं मशीन ठेवावं, नवीन पेशंटला दोन मिनिटं दाखवावं, आणि मुख्य म्हणजे पेशंटला आपल्यासमोर एकदा ओढायला लावावं. डॉक्टरांनी पण प्रत्येक खेपेला "पंप घेता ना?" विचारण्याऐवजी "घेऊन दाखवा" म्हणावं. आणि उरलेले दाब दाखवणारा आकडा नसलेल्या पंपावर पेनानं तारीख घालून द्यावी, कारण 200 दाब संपले तरी नुसता गॅस फुसफुसत राहतो आणि घरच्यांना वाटतं औषध आहे अजून.

चवथ, म्हणजे गणेश चतुर्थी, जवळ आली. माळ्यावरची धूळ निघणार, माटोळीचं (गणपतीच्या वर टांगायच्या फळाफुलांच्या चौकटीचं) सामान उतरणार, धूप-अगरबत्ती सगळं सुरू होईल. मुलाच्या पंपावरचा आकडा आजच बघितला, 14 उरलेत. उद्या नवीन आणायचाय, ह्या वेळी मी स्वतः जाणार आहे आणि जाताना आईंना पण घेऊन जाणार आहे.

एक गृहिणी,
डिचोली